डोळ्यांतील फूल

फूल हा शब्द मराठीत बहुधा मंगल अर्थानेच येतो. देवपूजेला फूल लागते, वेणीत फूल माळतात, लहान मुलाला फुलाची उपमा देतात. परंतु याच शब्दाचा एक उपयोग असा आहे की, तो कानी पडताच घरातील माणसांच्या काळजात चर्र होते. ‘पोराच्या डोळ्यात फूल पडले’ असे म्हटले की, बुबुळावर पांढरा डाग उमटला आणि त्या डोळ्याची दृष्टी अंशतः किंवा पूर्णतः गेली, असा त्याचा अर्थ होतो. हिंदीतही या डागाला ‘फूली’च म्हणतात. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, तेवढ्या रूपसाम्यावरून लोकांनी हे नाव दिले असावे. पण हे फूल उमलते ते एका भरलेल्या जखमेवर.

या फुलाचा विचार काशीपासून आरंभ केल्यास ते अप्रस्तुत होणार नाही. महाराष्ट्राला काशी परकी नाही. ब्रह्मघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत आणि विश्वनाथाचे मंदिर अहल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभे केले. वैद्यकाच्या इतिहासात मात्र काशीचे स्थान याहून पुष्कळच जुने आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुतादी शिष्यांना शल्यतंत्राचा उपदेश केला, असे सुश्रुतसंहिता सांगते. त्या संहितेच्या उत्तरतंत्रात शहात्तर नेत्ररोगांची गणना असून त्यांपैकी चार रोग कृष्णमंडलाचे, म्हणजे बुबुळाचे, आहेत. त्यांतील पहिले दोन म्हणजे सव्रण शुक्र आणि अव्रण शुक्र. जखम चालू असताना दिसणारा पांढरा डाग तो सव्रण. जखमेवाचून दिसणारा तो अव्रण.

या वर्णनात ग्रंथकाराची निरीक्षणशक्ती विस्मयकारक आहे. सव्रण शुक्र बुबुळात सुईने टोचल्यासारखे खोल दिसते, त्यात तीव्र वेदना असतात आणि डोळ्यातून उष्ण पाणी वाहते, असे तो सांगतो. हा डाग बाहुलीजवळ नसेल, खोल गेलेला नसेल, वाहत नसेल, ठणकत नसेल आणि जोडीने आलेला नसेल, तरच क्वचित बरा होतो, असा त्याचा निर्वाळा आहे. अव्रण शुक्राला तो आकाशातील विरळ ढगाची उपमा देतो आणि ते बरे होण्यास सर्वांत सोपे मानतो. पाश्चात्त्य वैद्यकातही बुबुळावरील सर्वांत पातळ डागाला ‘नेब्युला’ हे लॅटिन नाव आहे. त्याचा अर्थ धुके किंवा ढग. डाग किती खोल आहे आणि बाहुलीपासून किती अंतरावर आहे, हे दोन प्रश्न आजचा नेत्रवैद्यही प्रथम विचारतो.

ज्या पटलावर हा डाग पडतो, त्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. बुबुळ काळे दिसते ते आतील रंगीत पडद्यामुळे. त्याच्यापुढे घड्याळाच्या काचेसारखे एक पारदर्शक आवरण असते. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. मराठीत त्याला स्वच्छमंडल असे नाव आहे. त्याचा व्यास सुमारे साडेअकरा मिलिमीटर आणि मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. डोळ्यात शिरणारे किरण वळवून पडद्यावर एकत्र आणण्याच्या कामापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश काम हे पटल करते. उरलेले त्यामागील भिंग करते.

शरीराचा एक जिवंत भाग काचेसारखा स्वच्छ राहतो कसा? याचे पहिले कारण असे की, स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः अश्रूंत विरघळलेल्या हवेतून. दुसरे कारण त्याच्या घडणीत आहे. त्याच्या जाड मधल्या थरात अत्यंत सूक्ष्म तंतू सारख्या अंतरावर, एकमेकांना समांतर रचलेले असतात. ही शिस्त इतकी काटेकोर असते की, प्रकाश न विखुरता त्यांतून पार जातो. तिसरे कारण सर्वांत आतल्या पेशींच्या एकेरी अस्तरात आहे. हे अस्तर पटलात झिरपणारे पाणी अखंड बाहेर काढीत असते. या पेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्याच्या डोळ्यात त्यांची भरपाई जवळजवळ होत नाही.

हातावर सुरी लागली तर जखम भरते, वण राहतो आणि हाताचे काम पूर्ववत चालते. वण हा तेथे शरीराचा विजय असतो. स्वच्छमंडलात हाच विजय पराभव ठरतो. सर्वांत वरचे पातळ आवरण खरचटले तर ते एकदोन दिवसांत पुन्हा येते आणि मागे खूण राहत नाही. परंतु इजा त्याखाली गेली की शरीर घाईने नवे तंतू विणते, आणि या तंतूंना मूळची शिस्त नसते. ते आडवेतिडवे पडतात, प्रकाश विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसू लागतो. जखम भरली, ठणका थांबला, लाली गेली म्हणून घरातील मंडळी निश्चिंत होतात. आणि नेमक्या त्याच वेळी फूल कायमचे पडलेले असते.

फुलाचे परिणाम त्याच्या आकारावरून ठरत नाहीत. बुबुळाच्या कडेला असलेला दाट पांढरा डाग पाहणाऱ्याला भयंकर दिसतो, पण दृष्टीला फारसा बाध आणीत नाही. उलट बाहुलीसमोरचा धुक्यासारखा डाग दुसऱ्याला दिसतही नाही आणि रोग्याला मात्र अक्षरे फुटल्यासारखी दिसतात, दिव्याभोवती वलये दिसतात, ऊन सोसत नाही. जखम पूर्ण जाडीची असेल तर आतील रंगीत पडदा तिला चिकटतो आणि पुढे डोळ्यातील दाब वाढण्याचे भय निर्माण होते. लहान मुलाच्या बाबतीत हानी दुहेरी असते. पहिल्या सात-आठ वर्षांत मेंदू पाहावयास शिकत असतो. त्या काळात डोळ्यापुढे पडदा राहिला तर पुढे तो दूर करूनही मेंदूला त्या डोळ्याचा उपयोग नीट करता येत नाही.

याखेरीज जे परिणाम वैद्यकाच्या पुस्तकात येत नाहीत, तेही मोजले पाहिजेत. फूल पडलेल्या मुलीचे लग्न अडते. शकुनाच्या खुळ्या कल्पनांमुळे एका डोळ्याच्या माणसाला शुभकार्यात मागे ठेवले जाते. मजुराचा रोज बुडतो आणि आंधळ्या वडिलांची काठी धरण्यासाठी घरातील एका मुलाची शाळा सुटते. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नास वर्षांवरील अंधत्वापैकी सुमारे दोन-तृतीयांश मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. पन्नाशीच्या आतील लोकांत मात्र अंधत्वाचे पहिले कारण स्वच्छमंडलाचा अपारदर्शकपणा हे होते आणि त्याचे प्रमाण ३७.५ टक्के होते. मोतीबिंदू उतारवयात येतो आणि शस्त्रक्रियेने जातो. फूल बहुधा कोवळ्या किंवा कर्त्या वयात पडते आणि उरलेले सारे आयुष्य व्यापते.

या फुलाची कारणे काळाबरोबर बदलत गेली आहेत. एके काळी देवीचा रोग हे त्याचे मोठे कारण होते. देवीच्या साथीतून वाचलेल्या मुलांपैकी कित्येक डोळे गमावून उठत. भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. दुसरे जुने कारण खुपऱ्या. या रोगात पापणीचा आतला भाग वारंवार सुजून वणांनी आखडतो, पापण्यांचे केस आत वळतात आणि उघडझाप होताना बुबुळ खरवडीत राहतात. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. स्वच्छ पाणी, धुतलेला चेहरा आणि वेळेवर औषध यांनी मिळविलेले हे यश लहान नव्हे.

तिसरे कारण कुपोषण. अ जीवनसत्त्व कमी पडले की मुलाला प्रथम संध्याकाळी दिसेनासे होते. यालाच रातांधळेपणा म्हणतात. पुढे डोळा कोरडा पडतो, आणि अशा मुलाला गोवर किंवा जुलाब झाले तर स्वच्छमंडल काही दिवसांत, कधी काही तासांतही, विरघळून जाते. १९७० पासून भारतात लहान मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याची योजना चालू झाली आणि गोवराची लसही घरोघर पोहोचली. तरीही शेवग्याचा पाला, गाजर, पपई, दूध आणि अंडी यांचे महत्त्व आईबापांना सांगण्याची गरज संपलेली नाही.

आज उरलेली कारणे मुख्यतः इजेची आहेत आणि त्यांतील दोन काशीच्या परिसराला विशेष लागू पडतात. त्यांतील एक चुना. बनारसी पान जगप्रसिद्ध आहे आणि पानाच्या तबकाबरोबर चुन्याची डबी, आता चुन्याची पुडी, घरोघर असते. ती पुडी मुलांच्या हाती पडते. दाबताच फुटून चुना डोळ्यात उडतो. चुना हा क्षार आहे. आम्लाने पेशींतील द्रव्य गोठते आणि त्या गोठलेल्या थरामुळे आम्लाला आत शिरण्यास अडथळा होतो. क्षाराचे तसे नाही. तो पेशींची आवरणे विरघळवीत खोल उतरत राहतो. अशा वेळी डॉक्टरकडे धाव घेण्यापूर्वी एक काम जागच्या जागी करावयाचे असते. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान वीस मिनिटे, शक्य तर अधिक वेळ, डोळ्यावर सोडावी आणि मग दवाखाना गाठावा. त्या वीस मिनिटांवर पुढची पन्नास वर्षे अवलंबून असतात.

दुसरे कारण शेत. काशीच्या आसपासचा मुलूख भातगव्हाचा. कापणी-मळणीत धानाचे तूस, पानाची धार, काडीचे टोक डोळ्याला लागते. ओरखडा सूक्ष्म असतो, पण त्या काडीबरोबर बुरशीचे कण आत जातात आणि काही दिवसांत व्रण होतो. शेतकरी ‘कचरा गेला’ म्हणून डोळा चोळतो, कोणी पानाचा रस घालतो, कोणी मध घालतो. कोणी औषधाच्या दुकानातून लाली घालविणारे स्टेरॉइडचे थेंब आणतो. या थेंबांनी लाली व वेदना तात्पुरत्या जातात, परंतु डोळ्याची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते.

या बाबतीत वेळेचे मोल काय, हे नेपाळमधील भक्तपूर येथे झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आकड्यांत दाखविले आहे. तेथील गावपातळीवरील स्वयंसेवकांना डोळ्यातील ओरखडा ओळखण्यास शिकविले होते आणि त्यांच्याजवळ क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिले होते. दिवसातून तीनदा, तीन दिवस, एवढाच उपचार. ओरखड्याच्या ४४२ रोग्यांपैकी २८४ जण अठरा तासांच्या आत आले. त्यांच्यातील एकालाही व्रण झाला नाही. अठरा ते चोवीस तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना व्रण झाला. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी चौदा जणांना झाला. औषध तेच, मलम लावणारे हात तेच. फरक फक्त तासांचा. मोठ्या शहरात मोठे रुग्णालय बांधणे आवश्यक असतेच, पण फूल अडविण्याचे काम पहिल्या दिवशी, गावातच होते. प्रशासनाने हा धडा विसरता कामा नये.

एकदा फूल पडले की उपाय मर्यादित राहतात. पातळ डागासाठी चष्मा किंवा विशिष्ट स्पर्शभिंग चालते. वरवरचा डाग लेसर किरणांनी काढता येतो. बाहुलीसमोरच्या दाट फुलाला मात्र एकच उपाय आहे, तो म्हणजे ते पटल काढून त्याजागी दुसऱ्या मनुष्याचे निरोगी स्वच्छमंडल बसविणे. या उपायाच्या इतिहासात चुना पुन्हा भेटतो. ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमौत्स येथे, एडुआर्ड झिर्म यांनी माणसाच्या डोळ्यावर स्वच्छमंडलाचे पहिले यशस्वी आरोपण केले. त्यांचा रोगी चुन्याने दोन्ही डोळे गमावलेला एक श्रमिक होता. जखमी झालेला डोळा काढावाच लागला अशा एका अकरा वर्षांच्या मुलाचे पटल त्यांनी वापरले. एका डोळ्यातील आरोपण स्वच्छ राहिले आणि तो मनुष्य पुन्हा आपल्या कामाला लागला. पुढे १९३० नंतरच्या दशकात ओडेसा येथील फिलाटोव यांनी मृताच्या डोळ्यातील पटलही तितकेच उपयोगी पडते, हे अनेक शस्त्रक्रियांनी सिद्ध केले. नेत्रदानाची सारी कल्पना या शोधावर उभी आहे.

भारतात पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासला निघाली. मुंबई राज्याने स्वच्छमंडलाच्या आरोपणासाठी १९५७ सालीच कायदा केला. १९९४ साली मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा झाला. चुन्यासारख्या इजेत बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जळतात आणि मग नुसते आरोपण टिकत नाही. यावर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक सुलभ पद्धत मांडली. तीत रोग्याच्याच चांगल्या डोळ्याच्या कडेचा लहानसा तुकडा घेऊन त्याचे कण जखमी डोळ्यावर पसरतात. काशीतही काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या रुग्णालयात नेत्रविभाग आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे आर. जे. शंकरा नेत्ररुग्णालय सुरू झाले. शस्त्रवैद्य आहेत, शस्त्रे आहेत. उणीव असते ती दिलेल्या पटलांची.

येथे काशीचा विचार पुन्हा मनात आल्यावाचून राहत नाही. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या घाटांवर चिता अहोरात्र पेटलेल्या असतात. काशीत देह ठेवावा, म्हणजे मुक्ती मिळते, या श्रद्धेने माणसे शतकानुशतके तेथे येत आली आहेत. त्या श्रद्धेचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु चितेवर जे जळते त्यात दोन निर्मळ पटलेही जळतात आणि त्याच नगरातील एखाद्या गल्लीत त्यांच्यावाचून कोणी अंधारात बसलेला असतो. वार्धक्याने गेलेल्या माणसाचे पटलही उपयोगी पडू शकते. चष्मा असो, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, मधुमेह किंवा रक्तदाब असो, या गोष्टी नेत्रदानाच्या आड येत नाहीत. एड्स, कावीळ, पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश, रक्तात पसरलेला जंतुदोष अशा काही मोजक्या कारणांनीच ते नाकारले जाते.

लोकांच्या मनात एक भीती आहे की, या जन्मी डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे व्हावे लागेल. ही समजूत शास्त्रावर उभी नाही आणि तर्कावरही नाही. चितेत डोळे जाळल्याने जर पुढचा जन्म आंधळा होत नसेल, तर ते दिल्याने का व्हावा? ज्या परंपरेत दधीचीने देवांच्या कार्यासाठी अस्थी दिल्या आणि शिबीने शरणागत पक्ष्यासाठी अंगाचे मांस दिले, ती परंपरा देहदानाला पाप म्हणणार नाही. मृताचा चेहरा विद्रूप होईल, हेही भय व्यर्थ आहे. पटल काढण्यास पंधरा-वीस मिनिटे पुरतात आणि पापण्या मिटल्या की पाहणाऱ्याला काही कळत नाही.

अडचण आहे ती वेळेची. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत पटल काढावे लागते. दूरच्या गावाहून शव घाटावर येईपर्यंत ही मुदत कित्येकदा निघून गेलेली असते. म्हणून नेत्रदानाचा निर्णय घाटावर घेऊन चालत नाही, तो घरात, तिरडी बांधण्यापूर्वी घ्यावा लागतो. मृताने संकल्पपत्र भरलेले नसले तरी जवळच्या नातेवाइकांची संमती पुरेशी असते. नेत्रपेढीला निरोप द्यावा, मृताच्या पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्या, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा. एवढ्या तयारीला दुःखाच्या घरातही कोणी एक शांत माणूस पुरतो. तो माणूस कोण, हे मात्र आधी ठरलेले असले पाहिजे. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. घरात या विषयाची वाच्यता करण्यास ते एक निमित्त आहे.

काशीच्या त्या प्राचीन आचार्यांना फुलाचे स्वरूप ठाऊक होते, त्याची साध्यासाध्यताही ठाऊक होती. बाहुलीवरचे खोल फूल त्यांनी असाध्य ठरविले, कारण त्यांच्या हाती दुसरे पटल नव्हते. आज ते आहे. चुन्याची पुडी मुलाच्या हाताबाहेर ठेवणे, डोळ्यात काडी जाताच त्याच दिवशी डॉक्टर गाठणे, दुकानातले थेंब विचारल्यावाचून न घालणे आणि घरात मृत्यू झाला तर नेत्रपेढीला निरोप धाडणे, ही चार कामे कोणत्याही गृहस्थाच्या आवाक्यातली आहेत. पहिल्या तीन कामांनी फूल पडण्याचे टळते. चौथ्याने पडलेले फूल पुसले जाते. काशीयात्रेहून परतताना लोक गंगेचे पाणी आणतात आणि ते घरोघर वाटतात. त्या वाटण्याच्या परंपरेत नेत्रदानाचीही भर पडली, तर ती त्या क्षेत्राला शोभणारीच ठरेल.